मालवाहू ट्रेलरमधील घर : अमेरिकेतील एका घरगुती कारागिरीचा इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चाकांवरच्या घराचा इतिहास बहुधा कारखान्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात कंपन्यांची नावे, नमुन्यांची वर्षे आणि विक्रीचे आकडे येतात, आणि ज्या वस्तूपासून हे घर प्रथम घडले ती माल वाहण्यासाठी बांधलेली साधी गाडी मात्र नजरेआड राहते. मालवाहू ट्रेलर, म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेली व मोटारीच्या किंवा पिकअपच्या मागे आकड्याने जोडून ओढली जाणारी बंद पेटीची गाडी, विकत घ्यायची, तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि उजेडवाऱ्याची सोय करायची आणि तिचा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहण्याची खोली, बनवायचा हा उद्योग आज त्या देशातील असंख्य घरांच्या अंगणांत चालतो. त्याकडे अलीकडचा छंद म्हणून पाहण्याची रीत असली, तरी ही परंपरा कॅम्पर बनवणाऱ्या कारखान्यांपेक्षा जुनी आहे, आणि कारखान्याच्या मालाची किंमत, आकार किंवा भरवसा लोकांच्या गरजेपासून दूर गेला की ती पुन्हा पुन्हा वर आलेली दिसते.

अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात बांधली जाऊ लागलेली कोनेस्टोगा गाडी ही निव्वळ मालवाहू होती. चढउतारावर माल सरकू नये म्हणून तिचा तळ दोन्ही टोकांना वर उचललेला असे, आणि हाकणारा गाडीत न बसता बाजूने चालत असे किंवा डावीकडच्या घोड्यावर बसत असे. १८४०च्या दशकापासून ओरेगॉनच्या वाटेला लागलेल्या कुटुंबांनी याहून हलक्या शेतगाड्या वापरल्या. पांढऱ्या कापडाच्या छपराखाली मांडलेला संसार चित्रांतून सर्वांच्या परिचयाचा झाला असला, तरी पीठ, खारवलेले मांस, बियाणे आणि अवजारे यांनी त्या गाड्या इतक्या भरलेल्या असत की माणसे बहुधा तंबूत किंवा गाडीखाली झोपत. एकाच पेटीत मालाला किती जागा द्यायची आणि माणसाला किती, हा प्रश्न त्या वाटेवर मालाच्या बाजूने सुटला होता.

तो माणसाच्या बाजूने सोडवला गेला तो वायोमिंगच्या पठारावर. तेथे मेंढ्यांचे मोठे कळप सांभाळणारा मेंढपाळ महिनोन् महिने वस्तीपासून दूर राही, हिवाळ्यात वारा आणि बर्फ यांमुळे तंबू टिकत नसे, आणि चराई संपली की मुक्काम हलवावा लागे. रॉलिन्स या गावातील जेम्स कँडलिश नावाच्या लोहाराने १८८४ मध्ये शेतगाडीच्या चाकांवर व आसांवर मेंढपाळासाठी पहिली राहती गाडी बांधली असे सामान्यतः मानले जाते. या श्रेयाविषयी वाद आहे, आणि अशा गोष्टी अनेक हातांनी एकाच सुमारास घडतात हे पाहता तो स्वाभाविकही आहे. महत्त्वाची आहे ती तिची रचना. गाडीची पेटी चाकांच्या वर दोन्ही बाजूंना बाहेर काढून तिथे बाके केली जात, त्या बाकांखाली सामान राही, लाकडी कमानींवर कॅनव्हासचे थर ताणून छप्पर होई, आणि दार पुढच्या बाजूला, आडवे दोन भागांत उघडणारे असे, ज्यामुळे खालचा भाग लावून घेऊन वरच्या उघड्या भागातून घोड्यांचा लगाम हाती धरता येई. दाराशी लोखंडी चूल, मागच्या टोकाला गाडीच्या रुंदीभर आडवा पलंग, पलंगावर खिडकी, आणि पलंगाखालून ओढून काढता येणारे टेबल अशी ती मांडणी होती. चूल दाराजवळ ठेवण्यात धूर व आग यांचा विचार आहे. पलंग आडवा ठेवण्यात लांबी वाचवण्याचा हिशोब आहे, कारण माणसाची उंची आणि गाडीची रुंदी जवळजवळ सारखीच भरते. आज सहा फूट रुंदीच्या मालवाहू ट्रेलरमध्ये पलंगाची जागा ठरवणारा माणूस, वायोमिंगचे नाव त्याच्या कानावरून गेलेले नसले तरी, बहुतेकदा याच मांडणीपाशी येऊन पोहोचतो.

मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरची कारखानदारीही मालापासूनच वाढली. १९१४ मध्ये डेट्रॉइटमधील ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने एका लाकूड व्यापाऱ्याची होडी नेण्यासाठी फोर्ड मोटारीला जोडण्याची गाडी बनवली. व्यापाऱ्याने लगेच तशाच गाड्या लाकूड वाहण्यासाठी मागितल्या, आणि त्यातून ट्रेलर बांधण्याचा मोठा धंदा उभा राहिला. त्याच दशकात फोर्डच्या मॉडेल टी मोटारीमुळे मध्यमवर्गीय कुटुंबे तंबू आणि शिधा घेऊन लांबच्या प्रवासाला निघू लागली होती. १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे अशा प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना स्थापली. मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर जोडलेला पत्र्याचा डबा ही तिची खूण होती. या मंडळींपैकी अनेकांनी मोटारीचा मागचा भाग कापून किंवा मागे दोन चाकांची गाडी जोडून झोपण्याची सोय स्वतः केली, कारण त्यासाठी त्यांना बाजारात तयार असे फारसे काही मिळत नव्हते, आणि जे मिळत होते त्यात मुख्यतः घडीच्या तंबूचे ट्रेलर होते.

अशाच एका घडीच्या तंबूने त्रासलेल्या गृहस्थाकडून घट्ट भिंतींच्या ट्रेलरच्या मोठ्या कारखानदारीला चालना मिळाली. डेट्रॉइटमधील जीवाणुशास्त्रज्ञ व औषध व्यावसायिक आर्थर शर्मन १९२९ मध्ये कुटुंबासह सहलीला गेले असता पावसात तो तंबू उभारता उभारता सारे भिजले. परत आल्यावर त्यांनी सुताराकडून चाकांवर सहा फूट रुंद व नऊ फूट लांब अशी घट्ट भिंतींची पेटी बनवून घेतली. मुलांनी तिला ‘कव्हर्ड वॅगन’, म्हणजे जुन्या वसाहतवाल्यांची छपराची गाडी, असे नाव ठेवले. जानेवारी १९३० मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली गेली आणि काही वर्षांतच त्या नावाची कंपनी देशातील सर्वांत मोठी ट्रेलर उत्पादक झाली. लॉस एंजेलिसमध्ये वॉली बायम यांनीही आरंभी मॉडेल टीच्या सांगाड्यावर स्वतःपुरता निवारा बांधला, मग घरी ट्रेलर बांधण्याचे आराखडे विकले, आणि त्यानंतर एअरस्ट्रीम कंपनी काढली. १९३६च्या त्यांच्या चकचकीत ‘क्लिपर’ ट्रेलरची ॲल्युमिनियमच्या पत्र्यांना रिव्हेट मारून केलेली बांधणी हॉली बोलस यांच्या १९३४च्या ‘रोड चीफ’वरून आलेली होती, आणि बोलस हे विमाने व ग्लायडर बांधणारे कारागीर होते. शर्मन आणि बायम यांच्या वाटचालीत एक साम्य आहे : दोघांनीही विकायला काढण्याआधी स्वतःच्या गरजेसाठी काहीतरी बांधले किंवा बांधून घेतले होते. एअरस्ट्रीमसारख्या कंपनीची सुरुवात आराखडे विकण्यातून व्हावी, याचा अर्थ ट्रेलर ही त्या काळात लोकांच्या मते विकत घेण्याइतकीच घरी करण्याचीही वस्तू होती.

१९३६-३७च्या सुमारास ट्रेलरचा उत्साह इतका वाढला की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल असे भाकीत रॉजर बॅबसन या प्रसिद्ध अर्थविश्लेषकांनी केले. ते खोटे ठरले, परंतु ट्रेलरमध्ये कायमचे राहण्याची पाळी त्याच दशकात अनेकांवर आली होती, आणि तीत हौसेचा भाग नव्हता. धुळीच्या वादळांनी व मंदीने उठलेली शेतकरी कुटुंबे पश्चिमेकडे निघाली. फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यासाठी डोरोथिया लँग आणि इतरांनी काढलेल्या छायाचित्रांत फळ्या, कॅनव्हास आणि पत्रा जोडून केलेली त्यांची चाकांवरची घरे दिसतात. रूपांतराच्या कारागिरीचा विचार करताना ही छायाचित्रे बाजूला ठेवता येत नाहीत, कारण सहलीचा निवारा आणि नाइलाजाचा निवारा यांची बांधणी अनेकदा अगदी एकसारखी असते आणि फरक असतो तो फक्त परतण्यासाठी दुसरे घर आहे की नाही एवढाच. दुसऱ्या महायुद्धात सरकारनेच युद्धसाहित्याच्या कारखान्यांतील कामगारांसाठी हजारो ट्रेलर घेतले आणि त्यांत राहणे पुष्कळ कुटुंबांच्या अंगवळणी पडले.

युद्धानंतर एका वस्तूच्या दोन वस्तू झाल्या. १९५४ मध्ये विस्कॉन्सिनमधील एल्मर फ्रे यांनी दहा फूट रुंदीचे फिरते घर बाजारात आणले. सामान्य ट्रेलरसाठी रस्त्यावरील मर्यादा आठ फुटांची असल्यामुळे ते खास परवान्याशिवाय हलवता येत नसे, म्हणजे ते चाकांवर जाऊन एकदा बसवायचे घर झाले. पुढे १९७६ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याने अशा घरांसाठी बांधणीचे नियम लागू केले. दुसरीकडे सहलीचा ट्रेलर हा करमणुकीच्या वाहनांचा स्वतंत्र उद्योग बनला. आराखड्यांची परंपरा मात्र मासिकांनी जिवंत ठेवली. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ने १९४७ मध्ये दोघांपुरत्या, थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरचे आराखडे छापले होते, आणि त्या बेताचे ट्रेलर आजही घरोघरी बांधले जातात. साठ-सत्तरच्या दशकांतील तरुणांनी शाळेच्या जुन्या बसगाड्या व मालट्रक यांची घरे केली, ती याच हातकामाची एक शाखा होती.

युद्धानंतरच्या याच काळात मालवाहू ट्रेलर सामान्य घराच्या आवाक्यात आला, आणि रूपांतराच्या इतिहासात ही घटना कॅम्परच्या कोणत्याही नव्या नमुन्याहून अधिक परिणामकारक ठरली. १९४५ मध्ये लेनर्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनी वॉशिंग्टन राज्यातील रिजफील्ड येथे यू-हॉल ही ट्रेलर भाड्याने देणारी कंपनी सुरू केली. एका गावी घेतलेला ट्रेलर दुसऱ्या गावी परत करण्याच्या तिच्या पद्धतीमुळे स्वतःच्या मोटारीमागे सामान ओढणे ही सर्वसाधारण माणसाची सवय झाली. इंडियाना राज्यातील एल्खार्ट परगण्यात तीसच्या दशकापासून ट्रेलरचे कारखाने होते, आणि तिथेच १९५४ पासून वेल्स कार्गो ही कंपनी बंद पेटीचे मालवाहू ट्रेलर बनवू लागली. एकाच परगण्यात आस, चाके, खिडक्या, दारे आणि पत्रा पुरवणारे व्यावसायिक शेजारीशेजारी नांदत असल्यामुळे सहलीचा ट्रेलर आणि मालाचा ट्रेलर हे एकाच सामग्रीतून तयार होऊ लागले. वायरिंगची जोडणी, आकड्याचा गोळा, आसाची क्षमता, टायरची मापे यांत फरक उरला नाही. त्यामुळे कॅम्परसाठी बनलेला छपराचा पंखा किंवा खिडकी मालवाहू पेटीत बसवणे सोपे झाले. रूपांतर शक्य झाले ते एखाद्याच्या कल्पकतेइतकेच या समान मापांमुळे.

ते हवेसे का झाले, याची कारणे एकविसाव्या शतकात दिसतात. २००५च्या कॅटरिना वादळानंतर आपत्ती निवारण खात्याने बेघर झालेल्या कुटुंबांसाठी सुमारे १,४५,००० ट्रेलर व फिरती घरे विकत घेतली. रहिवाशांना डोळ्यांची आग, श्वासाचा त्रास जाणवू लागल्यावर तपासणी झाली, आणि फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत खोल्यांच्या हवेत फॉर्मल्डिहाइड या वायूचे प्रमाण सरासरी अब्जामागे ७७ भाग आढळले, जे साधारण घरांतील प्रमाणाहून कितीतरी जास्त होते. हा वायू दाबून चिकटवलेल्या लाकडी फळ्यांच्या डिंकातून सुटतो, आणि २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने अशा फळ्यांसाठी मर्यादा घालणारा कायदा केला. कारखान्याच्या भिंतीत नेमके काय आहे हे विकत घेणाऱ्याला कळत नाही, ही गोष्ट या प्रकरणाने उघड केली. रिकामी पेटी घेऊन तिची प्रत्येक फळी स्वतः निवडणाऱ्या माणसाच्या भूमिकेला त्यामुळे तर्काचे बळ मिळाले. त्याच सुमारास मंदी आली. करमणुकीच्या वाहनांचा पुरवठा २००६ मधील ३,९०,५०० वरून २००९ मध्ये १,६५,७०० पर्यंत घसरला, एल्खार्टमधील बेकारी १५ टक्क्यांच्या पुढे गेली, आणि घर गमावलेल्या वा निवृत्तिवेतनात भागत नसलेल्या वयस्कांचा एक वर्ग वाहनांत राहू लागला. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७च्या ‘नोमॅडलँड’ या ग्रंथाचा विषय हाच वर्ग आहे.

मालवाहू ट्रेलरची बांधणी पाहिली म्हणजे त्याची योग्यता आणि त्याच्या मर्यादा दोन्ही समजतात. तळाशी पोलादी नळ्यांचा किंवा पन्हळींचा शिडीसारखा सांगाडा असतो, तोच पुढे निमुळता होऊन आकड्याला मिळतो. भिंतींत व छपरात पोलादी उभे-आडवे खांब सोळा किंवा चोवीस इंचांच्या अंतराने वेल्डिंग करून बसवलेले असतात, त्यांवर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून पातळ प्लायवूड येते, व जमीन साधारण पाऊण इंच जाडीच्या प्लायवूडची असते. सहलीच्या स्वस्त ट्रेलरमध्ये लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर स्टेपल ठोकून भिंत उभी करण्याची पद्धत आहे, आणि पाणी झिरपले की ती चौकट कुजते. पोलादी चौकटीला ते भय कमी. छपरावरच्या पंख्यासाठी चौदा इंच चौरस भोक हे प्रमाण माप आहे, आणि सोळा इंचांवर बसवलेल्या दोन खांबांमध्ये ते एकही खांब न कापता बसते. खिडकी त्याहून मोठी असेल तर खांब कापावा लागतो, आणि मग कापलेल्या जागी आडवी पट्टी जोडून भार बाजूच्या खांबांवर नेणे अपरिहार्य होते. हे न केल्यास पत्रा लवून सांधे उघडतात.

पोलादाचा हाच गुण थंडीत दोष होतो. खांबांच्या मधल्या पोकळीत फोमचे उष्णतारोधक तक्ते भरले तरी खांब स्वतः बाहेरची थंडी आत आणतात, आणि झोपलेल्या माणसांच्या श्वासातील व स्वयंपाकातील वाफ त्या थंड पट्ट्यांवर दवासारखी जमून भिंतीच्या आत बुरशी धरते. म्हणून जाणते कारागीर खांबांवरूनही फोमचा अखंड थर घालतात, आणि हवा खालून आत येऊन पंख्यातून वर बाहेर पडेल अशी वाट ठेवतात. मालाला श्वास घ्यावा लागत नाही, हे लक्षात ठेवून या पेटीकडे पाहिले पाहिजे : ती हवेसाठी बांधलेली नसते, आत अडकलेल्या माणसाने बाहेर पडावे यासाठी दारांची कडी बांधलेली नसते, आणि गॅसच्या ज्योतीने तयार होणारा घातक कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर जाण्याची सोय तिच्यात नसते. धूर व वायू यांची सूचना देणारी यंत्रे, आतून उघडणारी कडी आणि निसटण्याजोगी दुसरी खिडकी या तीन गोष्टी पलंगाच्याही आधी बसवायला हव्यात.

वजनाचा प्रश्न याहून कमी चर्चिला जातो, आणि तोच सर्वांत निर्णायक आहे. एका आसाच्या बहुतेक ट्रेलरला ३,५०० पौंडांचा आस असतो, परंतु पाटीवर एकूण अनुज्ञेय वजन, म्हणजे ट्रेलर आणि त्यातील सर्व सामान मिळून चालणारे कमाल वजन, अनेकदा २,९९० पौंड लिहिलेले असते, कारण अनेक राज्यांत ३,००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक बंधनकारक होतात. सहा फूट रुंद व बारा फूट लांब रिकामी पेटी सुमारे १,५०० पौंड भरत असेल, तर पलंग, कपाटे, बॅटऱ्या, पाणी आणि प्रवाशांचे सामान यांसाठी उरते ते जवळजवळ तेवढेच, आणि वीस गॅलन पाण्याचेच १६७ पौंड होतात. शिवाय एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार आकड्यावर पडावा लागतो. मागचा भाग जड झाला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ओढणाऱ्या मोटारीलाही घेऊन उलटतो. म्हणून पाण्याची टाकी आसाच्या आसपास असावी आणि स्वयंपाकघर शेवटच्या टोकाला नसावे, असा नियम पडला आहे. देखण्या रूपांतरांची वाखाणणी करताना त्यांचे वजन-काट्यावरचे आकडे फारसे कोणी मागत नाही, ही या परंपरेतील खरी उणीव म्हणावी लागेल.

कायद्याच्या दृष्टीने असा ट्रेलर बहुधा मालवाहूच राहतो. काही खासगी छावण्या कारखान्याच्या प्रमाणपत्राची पट्टी नसलेल्या ट्रेलरला प्रवेश देत नाहीत; उलट पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींवर असा भेद नाही. भूव्यवस्थापन खात्याच्या बहुतेक जमिनींवर एका जागी चौदा दिवस राहता येते, आणि ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळ १९८३ पासून हिवाळाभर मुक्कामाची क्षेत्रे राखलेली आहेत, जिथे लाखो डॉलरांच्या बसगाडीशेजारी घरी रंगवलेला मालवाहू ट्रेलर उभा दिसतो.

२०२१ मध्ये करमणुकीच्या वाहनांचा पुरवठा ६,००,२४० या विक्रमी संख्येवर पोहोचला. हा आकडा कारखान्यांतून बाहेर पडलेल्या वाहनांचा आहे. अंगणात कॅम्पर झालेला एकही मालवाहू ट्रेलर त्यात मोजलेला नाही, आणि दुसऱ्या कोणत्या नोंदवहीतही तो कॅम्पर म्हणून सहसा सापडत नाही. वायोमिंगच्या संग्रहालयांनी मेंढपाळांच्या गाड्या जपल्या, म्हणून त्यांची चूल कुठे होती हे आज सांगता येते. एल्खार्टच्या संग्रहालयातही १९१३ मध्ये एका गाडी बांधणाऱ्या कारागिराने गिऱ्हाइकासाठी हाताने घडवलेला ट्रेलर जतन केलेला आहे. घरी रूपांतरित केलेले मालवाहू ट्रेलर मात्र मालक बदलताच पुन्हा रिकामे केले जातात आणि त्यांतील काम फळ्यांसह टाकून दिले जाते; त्यांची मोजमापे, आराखडे आणि वजने नोंदवून ठेवण्याचे काम संग्रहालयांनी व वाहन-इतिहासाच्या अभ्यासकांनी आताच हाती घ्यावे, कारण ते घडवणारे बरेच कारागीर अजून हयात आहेत.